जिवंत माणसासाठी कानाला हात

अरे, आमच्या नानांचं सांगतो. इंग्रजी अमदानीतली गोष्ट. नाना म्हणजे माझे गाण्याचे गुरू. गेलेल्या उस्तादांचं नाव निघालं की ते आदरानं कानाला हात लावायचे, पण जिवंत माणसासाठी त्यांचा हात कधी वर गेला नाही. हे सगळ्या बुऱ्हाणपूरला ठाऊक. "आजकालच्यांना बंदिश बांधता येते कुठे?" हे त्यांचं ठरलेलं.

एका सकाळी तापीच्या राजघाटावर एका पाहुण्या गवयानं तोडीची बंदिश गायली. सम अशा जागी येऊन पडली की नानांचे डोळेच भरले. कानाला हात लावून म्हणाले, "शंभर वर्षं तरी जुनी असणार! कुणाची हो?"

गवई हसला. "तुमच्याच गावच्या, इतवारा मोहल्ल्यातल्या गुलाब रंगाऱ्याची."

"थट्टा करता काय?" नाना तापले. मला म्हणाले, "चल रे, विचारूच त्याला."

गेलो. कोपरापर्यंत निळा झालेला गुलाब लुगडी पिळत होता. नाना दारातूनच ओरडले, "ती तोडी तू बांधलीस?"

तो घाबरला. "हो जी. पण अंतरा काही मनासारखा जमला नाही. आता असा करतोय." आणि लुगडं पिळता पिळताच त्यानं नवा अंतरा म्हटला.

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही कान धरले होते.

गुलाब गडबडला. "नाना, मी तर अजून जिंदा आहे!"

नाना म्हणाले, "तेच तर मला पटत नाहीये, बाबा."