नाव विचारलं तर म्हणे फूल

…नाही, पण तुम्हीच सांगा, एखादी मुलगी पहिल्या भेटीत तुम्हाला म्हणते, "हाय, आय ॲम प्रिसिला," आणि अडीच महिन्यांनी तिच्या युनिव्हर्सिटीच्या कार्डावर भलतंच नाव निघतं, तर माणसाला काय वाटेल? काय वाटेल! मी इथं ऑस्ट्रेलियात, मॉसन लेक्सला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. कार्डावर जिंग! म्हटलं, ही जिंग कोण? तर म्हणे मीच. मग प्रिसिला कोण? तर म्हणे तीही मीच, पहिल्या वर्गात टीचरला जिंग म्हणता येईना, म्हणून वर्गात शिरता शिरता दारावर जे पोस्टर होतं त्यावरचं नाव घेतलं. पोस्टरवरचं! अहो, आमच्याकडे म्हशीचं नाव ठेवतानासुद्धा दोन दिवस चर्चा होते!

आता मी संशयी माणूस नाही. अजिबात नाही. पण विचारायला काय हरकत आहे? विचारलं, जिंगचा अर्थ काय? म्हणाली, "शांत." बरं. लग्नाला आता अकरा वर्षं झाली, मी त्या शांततेत राहतोय, मला माहितीये. म्हणून मी आमच्या वेअरहाऊसमधल्या केल्विनला विचारलं. हा केल्विन मलेशियाचा चिनी, भला माणूस, फोर्कलिफ्ट चालवतो. हो, वेअरहाऊस डँडेनॉन्गला, घर टार्निटला, मेलबर्नच्या ह्या टोकाला झोपतो आणि त्या टोकाला काम करतो, सगळे वेडा म्हणतात, म्हणू देत. तर केल्विन म्हणाला, "मेट, डिपेंड्स. लिहितात कसं त्यावर आहे. शांत असू शकतं, स्फटिक असू शकतं… देवमासाही असू शकतो." देवमासा! बायको शांत आहे, स्फटिक आहे की देवमासा आहे, ह्याचा एका नवऱ्याला अकरा वर्षं पत्ता नाही!

बरं, ते गेलं. मग आम्हाला दिवस गेले. म्हणजे जिंगला. आणि स्कॅनमध्ये कळलं, मुलगी. मी तर तिथंच नाचायला लागलो, ती सोनोग्राफीवाली म्हणाली, "केअरफुल मेट, वायर आहे." घरी येऊन जिंगनं चीनमध्ये, चेंगडूला, आईला व्हिडिओ कॉल लावला. आईनं ऐकलं, आणि एक वाक्य बोलली. केवढं वाक्य! मी घड्याळ लावलं नव्हतं, पण त्या वाक्यात माझा चहा गार झाला. आणि शेवटी हा असा… उसासा. मी म्हटलं, काय म्हणाल्या? जिंग म्हणाली, "शी इज हॅपी."

आता मी संशयी माणूस नाही. पण एवढ्या लांब वाक्याचं भाषांतर तीन शब्दांत?

आणि महिन्याभरानं सासूबाई आल्याच, बाळंतपणाला, सहा महिन्यांच्या व्हिसावर. एअरपोर्टवर त्यांच्या बॅगेची चिठ्ठी मी वाचली. नाव काय? जाओदी! तुम्हाला सांगतो, मी तिथंच थबकलो. जाओ दी! बाईचं नावच जाओ, आणि बाई आलीय सहा महिने राहायला. गाडीत बसल्यावर मी अगदी सहज, अगदी गोड आवाजात जिंगला विचारलं, आईच्या नावाचा अर्थ काय गं? जिंग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इट्स अ… काइंड ऑफ फ्लॉवर."

फूल!

झालं. माझा संशय पक्का झाला. का? सांगतो. तुमच्यापासून काय लपवायचं. कारण "एक प्रकारचं फूल" हे उत्तर कोण कधी देतं, ते मला बरोबर माहितीये. ते मी स्वतः दिलं होतं, तीनच आठवड्यांपूर्वी.

झालं असं होतं, की माझी आई नाही, ती जाऊन सहा वर्षं झाली. मग आमच्याकडून बाळंतपणाला कोण? माझी आक्का. माणदेशात, आमच्या गावी असते. आम्ही चार भावंडं. पहिली मुलगी, दुसरी मुलगी, तिसरी आक्का… आणि मग मी. आक्काचा व्हिसाचा फॉर्म भरताना जिंग शेजारी बसलेली. म्हणाली, "आक्का इज हर नेम?" म्हटलं, नाही, आक्का म्हणजे मोठी बहीण. "देन व्हॉट्स हर नेम?" आणि मला ते नाव टाइप करावं लागलं. एन, ए, के, यू, एस, ए. नकुसा. जिंग म्हणाली, "प्रिटी! काय अर्थ?" आणि मी… आता काय सांगू? तिसरी पोरगी झाली म्हणून आमच्या आज्यानं तिचं नाव 'नको' ठेवलं, असं सांगू? म्हणजे देवाला कळावं की आता मुली नकोत, मुलगा पाठव, आणि देवानं पाठवला, आणि तो मुलगा म्हणजे तुझा नवरा, असं सांगू? मी म्हणालो, "एक प्रकारचं फूल आहे. आमच्या डोंगरात येतं."

तर आता कळलं ना, मला 'फुला'चा संशय का आला ते?

आक्का आली. पहिल्यांदा विमानात बसलेली बाई, एकटी! एअरपोर्टवरच्या ऑफिसरनं डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून विचारलं, "व्हॉट इज धिस?" आक्का म्हणाली, "बाळंतिणीचं हाय. तुमी नगा खाऊ, उष्णता व्हईल." त्यानं डबा बंद करून परत दिला. आणि घरी आल्यावर काय झालं विचारा! मला वाटलं, ह्या दोन बायकांची एक भाषा नाही, भांडणं होतील. कुठलं काय! दुसऱ्या दिवसापासून दोघी एका बाजूला आणि ऑस्ट्रेलिया दुसऱ्या बाजूला. हॉस्पिटलात पोरगी झाली, गोरीपान, डोक्यावर भरपूर केस, आणि मिडवाइफनं जिंगला प्यायला दिलं बर्फाचं पाणी. बर्फाचं! सासूबाई चिनी भाषेत किंचाळल्या, आक्का मराठीत किंचाळली, आणि दोघींनी मिळून तो ग्लास बेसिनमध्ये ओतला. घरी आल्यावर तेच. आंघोळ गरम, पाणी गरम, डोक्याला फडकं, खिडकी बंद. एकीचं आल्याचं सूप, दुसरीची अळिवाची खीर. जिंग मला म्हणाली, "अजित, सेव्ह मी." मी म्हटलं, माझी हिंमत नाही.

पण नाव! नाव कोण ठेवणार? मी फोनमध्ये बत्तीस नावांची यादी करून ठेवली होती. चिनी माणसालाही म्हणता येतील अशी, ऑस्ट्रेलियनलाही, आणि आक्कालाही. नऊ दिवस झाले, पोरीला सगळे 'बेबी' म्हणतायत, आणि सासूबाई? सासूबाई रोज सकाळी नातीला मांडीवर घ्यायच्या, फोन कानाला लावायच्या आणि काहीतरी बोलायच्या, त्यात सारखं एकच, "दीदी… दीदी…" मला आधी बरं वाटलं हो. म्हटलं, बाई हिंदी शिकली वाटतं, पोरीला दीदी म्हणतेय, गोड आहे.

पण मी संशयी माणूस नसलो तरी कान आहेत ना मला! दहाव्या दिवशी स्मोकोला, म्हणजे कामावरच्या चहाच्या सुट्टीत, मी केल्विनला म्हटलं, काय रे, तुमच्यात 'दीदी' म्हणजे काय? म्हणाला, "दीदी? लिटल ब्रदर, मेट. धाकटा भाऊ."

धाकटा भाऊ!!

माझ्या हातातली खिम्याची पेस्ट्री तशीच राहिली. म्हटलं, आणि जाओदी? नाव असतं का असं? केल्विन खाली बघायला लागला. "कुणाचं नाव?" म्हटलं, सासूचं. म्हणाला, "ओह… जुन्या काळचं नाव आहे ते, मेट. आता कुणी ठेवत नाही. बायकोला विचार." म्हटलं, बायको फूल म्हणते! तू सांग! तेव्हा म्हणाला, "जाओ म्हणजे बोलावणं. दी म्हणजे धाकटा भाऊ. मुलीच मुली झाल्या की ठेवायचे. भावाला बोलावून आण म्हणून."

तुम्हाला सांगतो, मला पुढचं काही ऐकूच येईना. सगळं जुळलं हो! तो लांब वाक्याचा उसासा, ती मांडीवर पोरगी घेऊन "दीदी, दीदी"… ही बाई माझ्या दहा दिवसांच्या पोरीच्या कानात धाकट्या भावाला हाका मारतेय! उद्या हिचं नाव असलंच काहीतरी ठेवणार, आणि अर्थ विचारला की म्हणणार, फूल! मी सुपरवायझरला सांगितलं, फॅमिली इमर्जन्सी. तो म्हणाला, "नो वरीज." कसलं नो वरीज! डँडेनॉन्ग ते टार्निट मी सव्वा तास गाडीत एकटा भाषण तयार करत आलो. "माझ्या घरात हे चालणार नाही. माझी मुलगी कुणाच्या वाटेवरचा दिवा नाही." इंग्रजीत, मराठीत, दोन्हीत. शेजारच्या लेनमधला ट्रकवाला माझ्याकडे बघत होता.

घरात शिरलो. दुपारची वेळ. स्वयंपाकघरात दोघी बसलेल्या, सासूबाई उकडलेली अंडी सोलतायत, आक्का लसूण. पोरगी आक्काच्या मांडीवर. आणि दोघींच्या मधे टेबलावर फोन, भाषांतर करणारा. त्यातली बाई बोलते ना, अगदी शुद्ध मराठी, रेडिओवरच्या बातम्यांसारखी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई फोनला काहीतरी म्हणाल्या आणि फोन म्हणाला:

"माझे नाव आहे, धाकट्या भावाला बोलवा."

मी दारातच थांबलो. आक्कानं मान हलवली, जशी गावात कुणी ओळखीच्या घराचं नाव सांगितल्यावर हलवते तशी. म्हणाली, "मग? आला का?"

फोननं विचारलं. सासूबाई बोलल्या. फोन म्हणाला, "आला. मी त्याला पाठीवर घेऊन वाढवले. तो शाळेत गेला. नात झाली हे सांगण्यासाठी मी रोज सकाळी त्याला फोन करते. तो उचलत नाही. मी त्याच्या यंत्रावर निरोप ठेवते."

म्हणजे ती 'दीदी'… ती सत्तरीतली बाई रोज सकाळी आपल्या भावाला हाक मारत होती हो! आणि मी भाषण तयार करत होतो.

आक्का म्हणाली, "आमचा बी आला. त्यो काय, दारात हुभा हाय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की मी पायातले सेफ्टी बूट काढायला खाली वाकलो, आणि वाकूनच राहिलो. मग त्यांनी आक्काला विचारलं, तुझं नाव? आणि आक्का बोलली, अगदी सहज, जसं वार सांगावा. "नकुसा. म्हंजी, नको असलेली."

फोननं ते चिनीत सांगितलं. बातम्यांच्याच आवाजात.

आतल्या खोलीतून जिंग आली, डोक्याला फडकं बांधलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "यू सेड इट्स अ फ्लॉवर."

मी म्हटलं, "तूही फूलच म्हणाली होतीस."

जिंगनं डोक्यावरच्या फडक्याची गाठ सोडून परत बांधली.

आणि तेवढ्यात सासूबाईंनी काय केलं? सोललेलं अंडं आक्काच्या वाटीत ठेवलं, तिच्या मनगटाला धरलं, आणि जोरात म्हणाल्या, "याओ!" फोन म्हणाला, "पाहिजे." परत म्हणाल्या, "याओ, याओ!" फोन म्हणाला, "पाहिजे. पाहिजे."

आक्का आधी हसली. मग तिनं पदर तोंडाला लावला. मी तिला आई गेली तेव्हाही असं रडताना बघितलं नव्हतं. मी जवळ गेलो तर म्हणाली, "तू सर रं, लसणानं हाय." मी म्हटलं, आक्का, माझ्यामुळं… तर म्हणाली, "तुज्यामुळं काय? तू कुटं अर्ज केलातास? आलास, म्हनून मला लेकरागत खेळवाय कुनीतरी मिळालं." सव्वा तासाच्या भाषणातला एक शब्द मला आठवेना.

मग डोळे पुसून पोरीकडे बघत म्हणाली, "याओ. आमच्यात बी हाय की ह्यो शब्द. पावनं आलं की म्हंत्यात, या वो!" आणि पोरीच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "या वो, बाई. या वो." जिंगनं आईला सांगितलं, आईनं टाळीच वाजवली. मग जिंगनं कागद घेतला आणि एक चौकोनी, किचकट अक्षर काढलं. म्हणाली, याओ, पण असं लिहायचं. म्हणजे मौल्यवान हिरवा दगड, जेड. मुलीचंच नाव, चांगलं नाव. ऐकायला 'पाहिजे'वाल्या याओच्या जवळचं, लिहायला रत्न, आणि आक्कासाठी 'या वो'.

आता मी संशयी माणूस नाही… पण मी केल्विनला फोटो पाठवला. म्हटलं, खरं सांग. त्याचं उत्तर आलं, "ब्यूटिफुल नेम, मेट. ह्या वेळी खरंच."

तुम्ही म्हणाल, आणि तुझी बत्तीस नावांची यादी? ती मी काढली होती हो, फोन पुढेसुद्धा केला होता. आक्का म्हणाली, "ठेव आत, बॅटरी जाईल."

फॉर्म भरला. याओ अजित खाडे. आणि गेल्या आठवड्यात पोरीचं वजन करायला काउन्सिलच्या हेल्थ सेंटरवर गेलो. सगळेच गेलो. सासूबाईंनी लाल स्वेटर घातला होता, आक्कानं पैठणी. म्हटलं, आज पहिल्यांदा कुणीतरी परकं माणूस सगळ्यांसमोर हे नाव उच्चारणार! आम्ही रांगेत बसलो, कान टवकारून. दार उघडलं, नर्स बाहेर आली, कागदाकडे बघितलं, डोळे बारीक केले, गोड हसली आणि ओरडली,

"यो! बेबी यो काडी? यो, यो!"

दोन चिनी, एक मराठी अर्थ सांभाळत बसलेले आम्ही चौघं… काय करता, मुकाट्यानं उठलो.