पिस्तुलातला दोष

पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“नेमबाजीच्या क्लबात सगळे डोळे झाकून हीच परदेशी कंपनी घ्यायचे. आता पार नाव घालवलंय. नेम मध्यावर, गोळी डावीकडे!”

“काका, मी स्वतः झाडून पाहिलं. दहाच्या दहा मध्यात.”

“मग माझ्याच हातात कसं बिघडतं?”

“अहो, तुम्ही बाहेर बाकावर बसा. पावती घेऊन मी आलेच.”

“काकू, पिस्तुलात काही नाही. काकांचा हात...”

“ठाऊक आहे. पाण्याचा पेलासुद्धा मीच धरते. तुम्ही सांगा, दोष पिस्तुलातच आहे, सुटा भाग परदेशातून यायचाय.”

“कंपनीला उगाच नावं ठेवायची?”

“ठेवा. ती सोसेल.”

“बरं. किती महिने लागतील म्हणू?”

“डॉक्टरांनी यांना सहाच दिलेत. तुम्ही आठ सांगा.”