फलकाची गाठोडी

भाऊजी : कात्री खाली ठेवा, वहिनी. आधी कात्री खाली, मग बोला!

वहिनी : ठेवली. आता कापायला उरलंय काय?

भाऊजी : अहो, मंडळाचा फलक होता तो! संध्याकाळी समारंभ, पाहुणे घरून निघालेसुद्धा, आणि तुम्ही त्याच्या चिंध्या करून बसलात? काठाला शिवण घालायला दिला होता फक्त.

वहिनी : शिवण घातलीच की. काठाला नाही, एवढंच.

भाऊजी : चेष्टा सुचतेय तुम्हाला?

वहिनी : चेष्टा? सकाळपासून पाण्याचा घोट उतरला नाही घशाखाली. गाडीवाला दारात उभा. म्हणाला, ताई, भूकंपवाल्यांसाठी जमवलेल्या रजया अशा उघड्या नेणार नाही. तिकडे विमानातून उतरल्या की बर्फात पडून राहतात, भिजल्या की मातीमोल. आजचं विमान चुकलं तर पुढचं कधी, त्यालाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला फोन लावला, बोटं दुखेस्तोवर.

भाऊजी : मी व्यासपीठाची मापं घेत होतो.

वहिनी : घ्या की! इथं पाणी न शिरणारं कापड एकच होतं. तुमचा फ्लेक्स. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेला, मधोमध तुमचा हसरा फोटो. कापला, गाठोडी शिवली, गाडी लावून दिली.

भाऊजी : गाडी गेली? पाहुण्यांच्या हस्ते रवाना व्हायची होती ती!

वहिनी : पाहुण्यांचा हात लागल्याशिवाय रजईला ऊब येत नाही वाटतं?

भाऊजी : तुम्हाला बोलायला काय जातंय! दारोदार मी फिरलोय. कुणी तोंडावर दार लावलं, कुणी अंगावर कुत्रं सोडलं. उद्या परत मागायला गेलो, तर लोक विचारतील, दिलेलं गेलं कुठं? चार लोकांना दाखवावं लागतं, वहिनी.

वहिनी : फिरलात, खरंय. उपकार आहेत तुमचे. पण कुणाच्या नावानं फिरलात? माझ्या लेकीच्या! ‘आमची पुतणी भूकंपात सापडलीय’ म्हणत, डोळे पुसत!

भाऊजी : त्यात खोटं काय?

वहिनी : परक्या मुलखातल्या माणसाशी लग्न केलं, म्हणून तिचं नाव या घरात घेऊ दिलं नाहीत. तिचा फोन आला की चपला घालून बाहेर. आणि आता जमीन फाटली तर फ्लेक्सवर काय, ‘लाडक्या लेकीच्या हाकेला धावलो’! लाडकी! त्या शब्दाशी कात्री अडली माझी.

भाऊजी : दादा गेल्यावर खांद्यावर घेऊन वाढवलीय तिला मी.

वहिनी : म्हणून तर राग येतो! परका असता तर दार लावून घेतलं असतं. तिचं घर गेलं, दार गेलं, दाराचा उंबरा गेला. शाळेच्या मैदानात पोर पोटाशी धरून निजते ती. सगळ्या जगाला तिची कहाणी सांगितलीत. तिला एकदा तरी विचारलंत, कशी आहेस म्हणून?

भाऊजी : कुठल्या तोंडानं विचारू? शेवटचं काय बोललो होतो तिला, ठाऊक आहे ना?

वहिनी : ‘आमच्यापुरती तू मेलीस.’ याच खोलीत, या मशीनपाशी उभे राहून.

भाऊजी : भूकंपाची बातमी लागली, तेव्हा तेच वाक्य कानात वाजत होतं. तिचा पत्ता लागेपर्यंत वाजत होतं.

वहिनी : मग ते तिला सांगायचं सोडून भिंतीएवढा फ्लेक्स काढलात!

भाऊजी : ते लाडक्या लेकीचं… त्याचेही तुकडे केलेत?

वहिनी : नाही. तेवढं अख्खं राखलं. सगळ्यांत वरच्या गाठोड्यावर, अक्षरं बाहेर. ती रोज गाठोडी उतरवून घ्यायला उभी असते. आपली अक्षरं वाचता येणारं तिकडे आहेच कोण दुसरं?

भाऊजी : आणि माझा फोटो?

वहिनी : आतल्या बाजूला गेला. हसताय रजयांकडे बघून.

भाऊजी : गाठोडं पोचायला वेळ लागेल, नाही?

वहिनी : लागेल.

भाऊजी : तिकडे, जगाच्या दुसऱ्या टोकाला, आता उजाडत असेल. ती अजून उशिरापर्यंत झोपते का हो?

वहिनी : मैदानात कोण उशिरापर्यंत झोपतं, भाऊजी? लावा फोन.