पडीक रानातली निंदणी

नाही नाही, कुशल, बस तू — विमान संध्याकाळचं आहे, तू मित्र त्याचा, म्हणून अनुपने उगाच सकाळी पाठवलं तुला. स्वतः आला असता, पण मीटिंग आहे त्याची. असते, ऑफिस म्हटलं की मीटिंग असतेच. ते खिडकीतून दिसतं ना, पिवळं-जांभळं रान — ते घरमालकाचं. अनुप भाडेकरू. आणि मधली ती काळी पट्टी दिसते — ती माझी. म्हणजे मी केलेली. आता तूच सांग, आयोवाची अशी काळी माती — आमच्या काटोलला संत्र्याला मिळाली असती तर! — आणि त्यात काय, तर कमरेएवढं गवत. मला वाटलं, मालक म्हातारा, मजूर मिळत नसतील. आपण बसून खातोय, चार हात मारू. खुरपं होतंच बॅगेत. का म्हणजे? परदेशात मिळेल न मिळेल. अनुप ऑफिसला गेला की मी रानात — मुळासकट काढलं सगळं, ढीग लावले. एक झाड रुईसारखं निघालं, तोडलं की चीक — ते ठेवलं, मारुतीला लागतं. इथे मारुती नाही, माहितीये मला.

मग मालक आला. टोपी काढून उभा राहिला. ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ‘ओके’ म्हणाला. मला वाटलं, खूश झाला. संध्याकाळी अनुपने सांगितलं — गवत नव्हतं ते, मुद्दाम पेरलेली रानफुलं. सरकारच पैसे देतं म्हणे शेत न पिकवण्याचे — दहा वर्षं नांगर लावायचा नाही, माती वाहून जाऊ नये, पाखरांना घरटी करता यावीत. मी म्हटलं, पाखरांनी राहावं म्हणून एवढं करतात? दुसऱ्या दिवशी म्हणाला, बाबा, तुम्हाला इथे करमत नाही, तिकीट अलीकडचं करून घेतो. करमत नाही असं मी कुठे म्हटलं होतं? पण बरं म्हटलं.

आता? आता नागपूरला उतरायचं, मग बघू. घरी कसलं, घर विकलं ना मी — बागेसकट, इकडे येताना. शोभना, अनुपची आई, गेली तेव्हा हाच फोनवर म्हणाला, एकटे कशाला राहता, इकडे या. आलो. किती दिवस ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बापाने विचारायचं असतं का? नाही, घर विकलं ते त्याला माहीत नाही. सांगणार होतो, तेवढ्यात ही निंदणी झाली. वाईट वाटतं रे, पण — कुशल, फोन खाली ठेव. मीटिंगमध्ये आहे तो. ठेव म्हटलं ना. चल, ती बॅग घे.