पयलो फोटो काकांचो

आपलंच मशीन चुकावं म्हणून देवाला हात जोडणारा इंजिनिअर पाहिलाय का? तो मी.

परदेशातून परतलो तो गावोगाव नेता येईल असं एक्स-रे मशीन बनवायच्या ध्यासानं. पहिली चाचणी आमच्या मये गावच्या आरोग्य केंद्रात होती. लोक बिचकत होते. जन्मभर खाणीवर ट्रक चालवलेले माझे काका पुढे झाले. "पयलो फोटो माझो!"

पडद्यावर त्यांच्या फुफ्फुसात डाग दिसला.

"मशीनचा दोष असेल," मी डॉक्टरांना म्हणालो. सगळं तपासून पुन्हा फोटो काढला. डाग तिथंच. मग काकी उभी राहिली. तिचा फोटो स्वच्छ आला.

काकांनी माझा चेहरा वाचला आणि रांगेकडे वळून ओरडले, "या रे, घाबरू नकात! आमच्या बाबूचा मशीन बरोबर सांगता!"