रिकामी दिसलेली डिस्क

तुम्हाला सांगतो, खोडाळ्याकडच्या आमच्या पाड्याचा रस्ता ठेकेदाराने अर्धाच केला होता. ग्रामसभेतलं त्याचं बोलणं मी डिस्कवाल्या कॅमेऱ्यात घेतलं. जव्हारला आमच्या तक्रारीची सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी डिस्क कॉम्प्युटरात घातली, तर ती रिकामी दिसली.

"झालं ना साहेब?" म्हणत ठेकेदार उठला.

मी म्हटलं, "साहेब, डिस्क आधी कॅमेऱ्यातच पक्की करावी लागते, तरच ती कॉम्प्युटरात दिसते. ते राहिलंय."

"करा लवकर."

कॅमेरा सोबतच होता. डिस्क त्यात घातली, तर दोन पर्याय आले, दोन्ही इंग्रजीत. एकाने डिस्क पक्की होते, दुसऱ्याने पुसली जाते. शेजारून आमचे सरपंच कुजबुजले, "नीट वाच रे बाबा." दोन्ही शब्द पुन्हा वाचून मी बटण दाबलं.

डिस्क परत कॉम्प्युटरात घातली आणि त्यातून ठेकेदाराचा आवाज आला, "माझं बिल निघालंय. उरलेला रस्ता तुम्हीच करा."

साहेब त्याला म्हणाले, "बसा." मग माझ्याकडे वळले, "पुन्हा लावा."