ड्रमच्या पत्र्याची टाकी

आयक गा, तवा मी इतवारीच्या बाजारात कूलर बनवणाऱ्या उस्तादजवळ कामाले होतो. जुन्या तेलाच्या ड्रमचा पत्रा ठोकून मी कूलरची टाकी बनवली. कूलर घ्याले आलेले मास्तर भडकले, "मले भंगार नको. नवा पत्रा लाव!"

मी म्हटलं, "काहून जी? ड्रमचा पत्रा जाड हाय. नवा त पापडावानी येऊन राहिला."

उस्ताद ओरडला, "चूप बे! उद्यापासून घरीच बस."

"बसतो. पण आधी नवीबी बनव अन् दोन्ही टाक्या भरून ठेव. माही गळली त तोंड दाखवत नाही."

सकाळी मास्तरसमोर पाह्यतो त नव्या टाकीखाली डबकं, अन् माह्या टाकीखाली थेंब नाही! उस्ताद मले हातोडी वापस देऊन राहिला.

मास्तर हळूच म्हणते, "हेच दे. पण रंग असा मार का कोणाले समजलं नाही पाहिजे."

"मारतो ना जी."

हिरवा रंग मारला. खिडकीत बसवाले मीच गेलो. मास्तर आत चहा पीत होते, तवर मी बाहेरून पांढऱ्या रंगानं मोठ्ठं लिहून टाकलं, "भंगारची टाकी. गळत नाही."

आता मास्तर आतून थंडी हवा खाते अन् मोहल्ला बाहेरून वाचते.